पत्रावरचे नाव म्हणजे पत्र लिहिणारा नव्हे



मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळची मिस्सा झाल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ भगिनी आम्हांला चर्चच्या पायरीवर भेटल्या. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यांनी हळूच विचारले, "फादर, त्या मुलीचं ऑपरेशन नीट झालं ना?"

आम्ही विचारले, "कुठल्या मुलीचं?"

त्यांचा चेहरा उतरला आणि मग सगळा प्रकार बाहेर आला. अकरा दिवसांपूर्वी त्यांना आमच्या नावाचे ई-मेल आले होते. एका गरीब मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी आजच पैसे भरायचे आहेत, आम्ही सभेत असल्यामुळे फोन घेऊ शकत नाही, तूर्त तुम्ही रक्कम पाठवा व सोमवारी कार्यालयातून परत घ्या, आणि मुलीच्या घरच्यांना संकोच वाटेल म्हणून कोठे बोलू नका, असा त्यातला मजकूर होता. भगिनींनी आपल्या पेन्शनमधून २०,००० रुपये पाठवले आणि कोणाजवळ चकार शब्द काढला नाही. ते पत्र आम्ही लिहिलेलेच नव्हते.

त्यांची परवानगी घेऊन, नाव न देता, ही हकिगत येथे लिहीत आहोत. कारण ती त्यांच्या एकट्यांची नाही आणि त्यात दोष त्यांच्यापेक्षा आमचा अधिक आहे.

आमची चूक

चौकशी केल्यावर कळले की तसेच पत्र धर्मग्रामातील आणखी सहा जणांना गेले होते. चौघांनी ते खोटे असणार असे समजून पुसून टाकले, पण आम्हांला कळवले नाही. दोघांनी उत्तर पाठवून विचारले, "फादर, हे खरंच तुम्हीच लिहिलंय का?" त्यांना ताबडतोब उत्तर आले, "होय, मीच." ते उत्तर चोराचे होते. सुदैवाने त्या दोघांकडे त्या दिवशी पैसे नव्हते.

हे घडले कसे? त्याआधी काही दिवस, एका शनिवारी रात्री आम्ही रविवारच्या प्रवचनाची तयारी करीत होतो. तेवढ्यात संगणकावर एक पत्र आले: तुमची मेलपेटी भरली आहे, २४ तासांत ती बंद होईल, चालू ठेवण्यासाठी येथे क्लिक करा. आम्ही क्लिक केले. नेहमीसारखे दिसणारे पान उघडले. आम्ही पासवर्ड लिहिला आणि पुन्हा प्रवचनाकडे वळलो. ते पान चोराने उभारलेले होते. आपल्या हाताने आम्ही त्याला किल्ली दिली.

मग तो आमच्या मेलपेटीत शिरला. आम्ही कोणाला कसे लिहितो, कोण अडीअडचणीला मदत करतो, हे त्याने वाचून घेतले. शिवाय त्याने पेटीत असा नियम लावून ठेवला की त्या सात जणांची उत्तरे त्याच्याकडे जावीत आणि आमच्या समोर येऊ नयेत. त्यामुळे आमच्या पेटीतून आमच्या नावाने सगळा व्यवहार चालला आणि आम्हांला पत्ताही लागला नाही.

हा प्रकार केवळ आपल्याच धर्मग्रामात घडलेला नाही. अमेरिकेत धर्मगुरूंच्या नावाने ई-मेल पाठवून भाविकांकडून गिफ्ट कार्डे मागितली जातात, असा इशारा तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २०१९ साली दिला होता. जेथे माणसे एकमेकांच्या शब्दावर विसंबतात, तेथे हा चोर मुद्दाम येतो.

शब्दावर विश्वास कधी ठेवावा?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही भारतीय न्यायदर्शनातील चार प्रमाणे अभ्यासली होती: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. म्हणजे डोळ्यांनी पाहून, तर्काने, साम्यावरून आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला ज्ञान होते. यातील चौथे प्रमाण आपण सर्वांत जास्त वापरतो. आपली जन्मतारीखसुद्धा आपल्याला आईवडिलांच्या शब्दावरूनच ठाऊक असते. म्हणून 'कोणावरही विश्वास ठेवू नका' हा सल्ला निरुपयोगी आहे. तसे जगताच येणार नाही.

परंतु नैयायिकांनी येथे एक अट घातली. शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त.

आमच्या भगिनींनी आप्तावर विश्वास ठेवला, यात चूक नव्हती. चूक एवढीच झाली की तो शब्द आप्ताचाच आहे का, हे पाहायचे राहिले. ई-मेलमध्ये नेमकी हीच गोष्ट कठीण असते. पाकिटाच्या मागे 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच येथेही आहे. १९८२ साली ई-मेल पोहोचवण्याचे जे मूळ नियम ठरले, त्यांत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती. पुढे काही तपासण्या आल्या आणि पुष्कळ खोटी पत्रे त्यांत अडकतात. परंतु नाव आमचे आणि पत्ता दुसराच, असे पत्र त्यांतून सुटू शकते. आणि चोर जर खऱ्या पेटीतूनच लिहीत असेल, तर पत्तासुद्धा खराच दिसतो.

एका प्रेमपत्राची गोष्ट

४ मे २००० रोजी जगभरच्या संगणकांवर एक पत्र येऊ लागले. विषय होता 'आय लव्ह यू'. सोबत एक फाइल होती आणि तिच्या नावावरून ते साधे प्रेमपत्र वाटत होते. फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा तिचा खरा प्रकार सांगतो. येथे तो तुकडा सांगत होता की हा मजकूर नसून संगणकाला हुकूम देणारा प्रोग्राम आहे. परंतु विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत तो तुकडा लपलेला असे.

फाइल उघडली की प्रोग्राम त्या माणसाच्या पत्त्यांच्या वहीतील सर्वांना तेच पत्र पाठवी, संगणकावरील छायाचित्रांच्या फाइली नष्ट करी आणि पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्राम आणण्याचा प्रयत्न करी. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली. याचा माग फिलिपाईन्समधील मनिला शहरातील ओनेल दे गुझमान या तरुणापर्यंत पोहोचला. पण त्या वेळी त्या देशात अशा कृत्याविरुद्ध कायदाच नव्हता, म्हणून खटला उभा राहिला नाही. हा प्रोग्राम आपणच बनवला, हे त्याने २०२० साली एका पत्रकाराजवळ मान्य केले. इंटरनेटचे पैसे परवडत नव्हते, म्हणून दुसऱ्यांचे पासवर्ड मिळवण्यासाठी हे केले, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्या देशातील माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे आणि संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे या गुन्ह्यांची कलमे, ६६-सी व ६६-डी, त्यात नंतर घातली गेली व २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आली. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या गोष्टीतील ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की, लोकांनी ते पत्र उघडले कारण ते ओळखीच्या माणसाकडून आले होते. तेव्हापासून यंत्रे बदलली, चोराची रीत तीच राहिली. उलट आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शुद्ध मराठीत पत्र लिहिता येते आणि ओळखीच्या माणसाचा आवाजही काढता येतो. 'अशुद्ध भाषा दिसली की समजावे पत्र खोटे' हा जुना सल्ला आता पुरेसा राहिलेला नाही.

चोराच्या चार खुणा

मग ओळखायचे कशावरून? पत्राच्या दिसण्यावरून नव्हे. ते आपल्याकडून काय करवून घेऊ पाहते, त्यावरून. चार खुणा सांगतो.

१. ओळख. फादर, बँक, मुलगा, वीज कंपनी, पोलीस अशा, ज्यांचे आपण ऐकतो, त्यांचे नाव पुढे केलेले असते.

२. घाई. आजच, आत्ताच, २४ तासांत. विचार करायला वेळ मिळाला तर आपण फसणार नाही, हे चोराला पक्के ठाऊक असते.

३. गुप्तता. कोणाला सांगू नका, फोन करू नका, बँकेत विचारू नका.

४. नवी वाट. नेहमीची पद्धत सोडून भलत्याच खात्यात पैसे, लिंकवर पासवर्ड, फोनवर ओटीपी, किंवा 'आम्ही सांगतो तो प्रोग्राम संगणकावर घ्या'.

यांतील दोन खुणा जरी एकत्र दिसल्या, तरी हात माउसवरून उचलावा.

आपल्या घरांना या खुणा लावून पाहू. मुलांना आखाती देशांत किंवा कॅनडात नोकरी देणारे पत्र येते. मुलाखत नाही, पण व्हिसासाठी 'परत मिळणारी' अनामत आजच भरायची असते. अशा वेळी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावर चौकशी करावी, आणि मध्यस्थ नोंदणीकृत आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहावे.

कधी पडद्यावर लाल चौकट येते: तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे की त्यांच्या खऱ्या सूचनांत फोन क्रमांक नसतो. ती खिडकी बंद करावी. बंद होत नसेल तर संगणकच बंद करून पुन्हा चालू करावा.

कधी गणवेशातला 'अधिकारी' व्हिडिओ कॉलवर येऊन 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' म्हणतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही 'मन की बात'मधून देशाला हेच सांगितले होते.

उपाय: दुसरी वाट

आमच्या त्या दोन बांधवांनी शंका घेतली, हे योग्यच केले. पण त्यांनी ज्या वाटेने पत्र आले त्याच वाटेने विचारले आणि त्या वाटेवर चोरच बसला होता. म्हणून नियम असा: विचारायचे ते दुसऱ्या वाटेने. ई-मेल आले तर फोन करावा. फोन आला तर तो ठेवून, आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपण फोन लावावा. बँकेचा क्रमांक पत्रातून नव्हे, तर पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. शक्य असेल तर समक्ष जाऊन विचारावे. प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण आहे, ते उगीच नव्हे.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. सुरुवातीचे 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरक्या रेघा सोडून द्याव्यात. तेथून पुढची तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा. टपालाच्या पत्त्यात आधी घर, मग आळी, मग गाव येते, तसेच येथे खरे गाव शेवटी असते. सुरुवातीला बँकेचे नाव आहे आणि शेवटी भलतेच काही 'डॉट कॉम' आहे, तर ते घर त्या भलत्याच्या गावातले समजावे. रिझर्व्ह बँकेने भारतातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. हा शेवट बँकांसाठीच राखीव आहे, म्हणून तो आहे का ते पाहावे. कुलपाच्या चित्रावर मात्र विसंबू नये. मधल्या वाटेत कोणी वाचणार नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही.

घरच्या संगणकाची निगा

१. दुरुस्त्या वेळेवर घ्याव्यात. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा प्रोग्राम सुमारे १५० देशांत पसरला. तो फाइलींना कुलूप घालून खंडणी मागत असे. ब्रिटनमधील रुग्णालयांची कामे त्याने अडवली. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले.

२. जुने विंडोज तपासावे. विंडोज ७ च्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा संगणक घरी असेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करण्याआधी जाणकाराला दाखवावा. चोरून उतरवलेले सॉफ्टवेअर घेऊ नये. फुकटात आलेल्या पोत्यात उंदीरही येतात.

३. पासवर्ड लांब आणि वेगवेगळे असावेत. एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द जोडले तर पासवर्ड लांबही होतो आणि आठवतोही. मेलपेटीचा पासवर्ड दुसरीकडे कोठेही वापरू नये, कारण बाकीच्या बऱ्याच किल्ल्या त्याच पेटीतून नव्या करून मिळतात. आठवत नसेल तर घरातील वहीत लिहून वही कपाटात ठेवावी. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते बरे.

४. दुहेरी पडताळणी चालू करावी. म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी नव्या यंत्रावर शिरताना दुसरी खूण मागितली जाते. आमच्या पेटीला ती नव्हती. ओटीपी आला तर तो कोणालाही सांगू नये. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही लक्षात ठेवावे.

५. फाइलीचे पूर्ण नाव दिसू द्यावे. विंडोजच्या फाइलींच्या खिडकीत 'व्ह्यू' या यादीत तशी सोय आहे. अनपेक्षित फाइल ओळखीच्या माणसाकडून आली तरी आधी फोन करून विचारावे.

६. प्रत ठेवावी. लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवावीत आणि काम झाल्यावर डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर खंडणीखोर प्रोग्राम तिलाही कुलूप घालतो.

चूक झालीच तर

पैसे गेले असतील तर लगेच आपल्या बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावरही तक्रार देता येते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवतो. ते पुढे जाण्याआधी तक्रार पोहोचली तर रक्कम अडवता येते. म्हणून येथे मात्र घाई करावी. पत्र, संदेश, व्यवहाराचा क्रमांक यांतील काहीही पुसू नये. पुढे कोणी 'गेलेले पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा' म्हणाला, तर तो दुसरा चोर समजावा.

पासवर्ड दिला गेला असेल तर दुसऱ्या, चांगल्या यंत्रावरून तो बदलावा. सगळ्या यंत्रांवरून बाहेर पडण्याचा पर्याय वापरावा. मग पेटीत कोणी पत्रे दुसरीकडे वळवण्याचा नियम लावला आहे का, आपला फोन क्रमांक बदलला आहे का, हे तपासावे. नुसता पासवर्ड बदलून आमच्या पेटीतील तो नियम निघाला नसता.

आमच्या भगिनींबरोबर आम्ही बँकेत व पोलीस ठाण्यात जाऊन आलो. पैसे अजून मिळालेले नाहीत. अकरा दिवस गेले होते. पहिल्याच दिवशी पत्र खोटे आहे हे ओळखणारे चौघे आपल्यात होते. त्यांतील एकाने कार्यालयात फोन केला असता, तर आम्ही सर्वांना सावध केले असते. हा ठपका नव्हे. पण खोटे पत्र पुसून टाकले की आपले काम संपत नाही, हे आपण सर्वांनी शिकले पाहिजे.

आजपासून आपल्या धर्मग्रामाचा नियम असा राहील: आम्ही किंवा आमचे सहकारी धर्मगुरू ई-मेल, संदेश किंवा फोनवरून कधीही पैसे मागणार नाही. कोणासाठी मदत हवी असेल तर ती चर्चमध्ये व या पत्रकात जाहीर होईल आणि कार्यालयात पावती मिळेल. याहून वेगळे काही आले, तर ते आमच्या नावाचे असले, आमच्या पत्त्यावरून आले असले, आवाज आमचा असला, तरी खोटे समजावे आणि कार्यालयात कळवावे.

पोलीस ठाण्यातून परतताना त्या भगिनी म्हणाल्या, "फादर, पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण उद्या खरंच एखादी मुलगी अडली, तर माझा हात आखडेल का, याची जास्त भीती वाटते."

आम्ही त्यांना म्हटले, "हात आखडू नका, बाय. फक्त आधी एक फोन करा."

विभागाच्या सभेत चर्चेसाठी

१. गेल्या वर्षभरात तुमच्या घरी आलेले एक फसवे पत्र किंवा फोन आठवा. त्यात वरील चार खुणांपैकी कोणत्या होत्या?

२. तुमच्या घरात संगणक किंवा फोन एकट्याने वापरणारी ज्येष्ठ व्यक्ती कोण? शंका आल्यास तिने कोणाला फोन करावा, हे ठरले आहे का?

३. फसलेला माणूस गप्प का बसतो? तो आपल्यापाशी मोकळेपणाने बोलावा, यासाठी आपले वागणे कसे असावे?

आपला,
प्रमुख धर्मगुरू